फुकटची क्षमा घ्यायला मन का धजत नाही?

पत्रातला प्रश्न थोडक्यात असा आहे: "ख्रिस्ती घरात वाढलो. बाप्तिस्मा झाला, दृढीकरण झालं, रविवारची उपासना सहसा चुकत नाही. तरी विश्वास बसत नाही. वाद घालून झाले, पुस्तकं वाचून झाली. अलीकडे लक्षात आलं, की उद्या सगळं पटलं तरी 'तुझं सगळं माफ, तुला काही द्यायचं नाही' हे मला घ्यायलाच नको वाटतं. हा अहंकार आहे की प्रामाणिकपणा? आणि करायचं काय?"

शेवटून सुरुवात करतो. अहंकारही आहे आणि प्रामाणिकपणाही आहे. दोन्ही एकाच धाग्यात वळले गेलेत, म्हणून गाठ सुटत नाही. कुणाचं आयतं घेऊ नये, ही शिकवण तुम्हाला चांगल्या घरातून मिळालेली आहे. माणसांच्या व्यवहारात ती तुम्हाला ताठ उभं ठेवते. देवापुढे मात्र तोच ताठा दाराला लावलेला अडसर होतो.

आधी 'विश्वास बसत नाही' या वाक्याची फोड करू. पाळकीय कामात हे वाक्य तीन वेगवेगळ्या अर्थांनी ऐकू येतं. एक, खरोखर प्रश्न आहेत: पुनरुत्थान झालं कशावरून, दुःख का, चार शुभवर्तमानांत तपशील वेगळे का. दोन, जखम आहे: बापाच्या, पाळकाच्या किंवा मंडळीच्या हातून काही असं घडलं, की 'देव बाप आहे' हे शब्दच अंगावर येतात. तीन, नकार आहे: पटलं तरी नको. तिघांचं औषध वेगळं. प्रश्नावर जखमेचं मलम लावलं तर माणूस चिडतो, जखमेवर युक्तिवाद केला तर तो गप्प होतो, आणि नकारापुढे पुस्तकांचा ढीग रचला तर त्याला लपायला आणखी जागा मिळते.

तुमचं कोणतं, हे शोधायची रीत साधी आहे. एका कागदावर सगळे आक्षेप क्रमांक घालून लिहा. दहा असोत की पंचवीस. प्रत्येकापुढे एकच ओळ लिहा: "याचं समाधानकारक उत्तर उद्या मिळालं, तर परवा मी काय वेगळं करीन?" ज्याच्यापुढे काही ठोस लिहिता येईल तो खरा प्रश्न. त्याला वेळ द्या, वाचा, जाणकाराला विचारा. उदाहरणार्थ, पुनरुत्थानाबद्दल सुरुवात शुभवर्तमानांपासून करण्यापेक्षा करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १५व्या अध्यायातल्या ३ ते ८ या ओव्यांपासून करावी. ते पत्र साधारण इ.स. ५५च्या सुमाराचं आहे, आणि "मला जे मिळालं तेच मी तुम्हाला सांगितलं" असं प्रेषित पौल तिथे म्हणतो, म्हणजे ती साक्ष त्याच्याही आधीची आहे. ज्या आक्षेपापुढे 'काहीच वेगळं करणार नाही' असं लिहावं लागेल, तो प्रश्न राहिलेला नाही. तो दारावर बसवलेला पहारेकरी आहे. तुमच्या पत्रावरून वाटतं, की यादीत पहारेकरी जास्त निघतील.

जखमेबद्दल इथेच सांगून पुढे जातो. तुमच्या बाबतीत ती असेल, तर खाली दिलेलं काहीही करण्याआधी सुरक्षित माणूस शोधा. ज्या माणसाने किंवा ज्या मंडळीत इजा झाली, तिथेच जाऊन 'क्षमा करायला शिकलं पाहिजे' असं कुणी सांगत असेल तर ते मानू नका. खपली आतून भरत आल्यावर आपोआप पडते, ती ओढायची नसते.

आता नकाराकडे. मार्काच्या शुभवर्तमानात 'अपिस्तिया' हा एकच ग्रीक शब्द दोन ठिकाणी येतो आणि आपण दोन्ही ठिकाणी त्याला 'अविश्वास' म्हणतो. सहाव्या अध्यायात नासरेथची माणसं आहेत. हा सुतार, ही याची आई, हे भाऊ, या बहिणी इथेच राहतात. मग याला हे कुठून आलं? त्यांच्या अविश्वासाचं येशूला आश्चर्य वाटलं. नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप आहे, तो ओरडून म्हणतो: "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका." शब्द तोच. फरक इतकाच, की नासरेथकरांनी आपला अविश्वास घरी जपून ठेवला आणि बापाने तो उचलून येशूसमोर आणला, जसा मुलगा आणला तसाच. येशूने त्याला 'आधी विश्वास पक्का करून ये' असं सांगितलं नाही. मुलगा त्याच वेळी बरा झाला. उपासनेत वाढलेल्या आपल्यासारख्यांची अडचण नासरेथकरांची आहे. गीतं पाठ, दाखले पाठ, प्रभुभोजनाचा विधी पाठ. ओळख इतकी, की गरज वाटत नाही.

आणि गरज का वाटू द्यायची नसते, हे मराठी माणसाला एका शब्दात सांगता येतं: मिंधेपणा.

आपल्याकडे लग्नात आहेराची वही असते. कोणी किती दिलं ते लिहून ठेवतात आणि त्यांच्या घरच्या कार्यात तेवढं किंवा थोडं जास्त परत करतात. शेजारणीचा डबा रिकामा परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. ही सुंदर रीत आहे, तिच्यावर गावंच्या गावं उभी आहेत. पण तिच्यात एक नियम दडलेला आहे: घेतलेलं फेडता आलं पाहिजे. जे फेडता येत नाही ते उपकार होतात, आणि उपकाराखालचा माणूस मान वर करून चालत नाही. पौलाला हा हिशोब नीट माहीत होता. रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात तो म्हणतो, काम करणाऱ्याची मजुरी ही कृपा नसते, ती देणं असते. मग तो पुढे जातो: जो काम करत नाही, पण अधार्मिकाला नीतिमान ठरवणाऱ्यावर विश्वास ठेवतो, त्याचा तो विश्वासच नीतिमत्त्व म्हणून मोजला जातो. हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलंय, की त्यातला 'अधार्मिकाला' हा शब्द कानावरून निसटतो. चांगल्याला चांगलं ठरवायला कृपा लागत नाही.

या नकाराची सगळ्यांत बारकाईने लिहिलेली हकिकत जुन्या करारात आहे, २ राजे, अध्याय ५. अरामाचा सेनापती नामान कुष्ठरोगाने पीडित आहे. तो इस्राएलात येतो तेव्हा बरोबर १० किक्कार चांदी, ६,००० शेकेल सोनं आणि कपड्यांचे १० जोड आणतो. आजच्या मापात चांदी ३०० किलोच्या वर आणि सोनं ६०–७० किलो. म्हणजे बरं होण्याआधीच त्याने बिल भरायची तयारी ठेवली आहे. अलीशा संदेष्टा दारात येतसुद्धा नाही, निरोप पाठवतो: यार्देन नदीत सात वेळा बुडी मार. नामान संतापतो. त्याच्या रागाची दोन कारणं तो स्वतःच सांगतो. एक, मला वाटलं हा बाहेर येईल, उभा राहील, हात फिरवील. दोन, दिमिष्कातल्या (म्हणजे दमास्कसमधल्या) अबाना आणि परपर या नद्या काय वाईट आहेत? मान मिळाला नाही आणि उपाय फार साधा निघाला. तेव्हा त्याचे नोकर जे विचारतात, ते या विषयातलं सगळ्यांत उपयोगी वाक्य आहे: संदेष्ट्याने एखादी अवघड गोष्ट सांगितली असती तर आपण केली असती ना?

तुम्हीही केली असती. वर्षभर उपास, पायी यात्रा, पगाराचा दहावा भाग, दर शनिवारी इस्पितळात सेवा, काहीही सांगितलं असतं तर तुम्ही एव्हाना सुरू केलं असतं. अडतं ते बुडी मारायला.

बरा झाल्यावर नामान पुन्हा पैसे देऊ पाहतो आणि अलीशा शपथेवर नाकारतो. मग अलीशाचा नोकर गेहजी मागून धावत जातो, खोटं सांगून दोन किक्कार चांदी आणि दोन जोड कपडे मिळवतो, आणि नामानाचा रोग त्याला चिकटतो. लोक याला लोभाची शिक्षा म्हणून वाचतात. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते: जे देवाने फुकट दिलं त्याची पावती गेहजीने फाडली. परक्या सेनापतीला 'इस्राएलाचा देव किंमत घेतो' असं त्याने शिकवलं. मंडळीत दानाच्या किंवा सेवेच्या बदल्यात देवाची मर्जी सुचवणारा प्रत्येक उपदेश गेहजीच्या मागोमाग धावतो.

आपल्या भागात या मिंधेपणाला आणखी एक पदर आहे आणि तो बोलून टाकलेला बरा. अमेरिकन मराठी मिशनचं काम अहमदनगरला १८३१पासून सुरू झालं. १८७६–७८ आणि १८९६–१९००च्या दुष्काळांच्या काळात मिशनांनी अन्न दिलं, मुलं सांभाळली, आणि त्या दशकांत ख्रिस्ती झालेल्यांत बरेच जण गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतले होते. 'भाकरीसाठी बाटले' हा टोमणा तेव्हापासून त्यांच्या नातवा-पणतवांनी ऐकला. अशा घरात वाढलेल्याला 'फुकट' या शब्दाची शिसारी असते. आम्ही काही घ्यायला आलो नव्हतो, हे त्याला सतत सिद्ध करायचं असतं: शिकून, नोकरी करून, वर्गणी भरून. त्याला 'कृपा फुकट आहे' असं नुसतं सांगणं म्हणजे जुन्या टोमण्याला वेदीवरून दुजोरा देणं. तुमच्या घराचा इतिहास असा असेल, तर तुमच्या नकारात थोडा स्वाभिमान पूर्वजांच्या वतीने बोलतोय हे ओळखा. तो मोडायचा नाही. त्याला फक्त हे दाखवायचं, की कृपा आणि भीक एक नाहीत.

फरक कुठे आहे? भीक देणारा वर उभा असतो. योहानाच्या १३व्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुतो. तिथे देणारा कमरेला रुमाल बांधून गुडघ्यांवर बसला आहे आणि त्याच्या हातात घ्यायला आलेल्याची मळकी टाच आहे. पेत्र हा शिष्य म्हणतो, माझे पाय कधीही धुवायचे नाहीत. ऐकायला ही नम्रता वाटते. येशू तिला नम्रता मानत नाही: मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. मग पेत्र दुसऱ्या टोकाला जातो: पाय काय, हात आणि डोकंही धुवा. आधी नाही म्हणण्याचा हक्क त्याला हवा होता, नंतर किती घ्यायचं ते ठरवण्याचा. दोन्ही वेळा येशू त्याला मापात आणतो. तुमचा मिंधेपणा हा देणारा आपल्यापेक्षा उंच उभा राहतो या अनुभवातून आलेला आहे. इथे देणाऱ्याकडे पाहायला तुम्हाला मान खाली घालावी लागते, पण ती शरमेने नव्हे. तो खाली बसलेला आहे म्हणून.

केवळ बुद्धीचे प्रश्न मिटले म्हणजे हे होतं असं नाही, याचं आपल्या भाषेतलं सगळ्यांत मोठं उदाहरण पंडिता रमाबाई. १८८३ साली इंग्लंडमधल्या वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर त्या वाँटेजच्या भगिनीसंघातल्या सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी पत्रांतून त्रैक्यावर, ख्रिस्ताच्या देवत्वावर, चर्चच्या अधिकारावर झगडत राहिल्या. पंडित घरातली ती बुद्धी कुणाच्या सांगण्यावरून मान डोलावणारी नव्हती. १८८९मध्ये मुंबईत शारदासदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. काम मोठं, त्याग मोठा. आणि तरी १९०७मध्ये आपली साक्ष लिहिताना त्यांनी नोंदवलं, की बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षांनी त्यांना कळलं: आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, त्या धर्माचं जीवन असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. त्यांना जे वळण मिळालं ते विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मगुरूच्या आत्मकथनातून. तो स्वतः दीक्षित धर्मगुरू असून, उपदेश करत असताना व्यासपीठावरच पालटला होता. रमाबाईंच्या आयुष्यात कष्ट करायचे राहिले नव्हते, वाद करायचे राहिले नव्हते. घ्यायचं राहिलं होतं.

आता करायचं काय. सहा आठवडे धरा. त्याहून कमी वेळात मन हलत नाही, आणि आधीच वर्षभराचा बेत केला तर तोच एक नवा पराक्रम होऊन बसतो.

पहिल्या आठवड्यात मार्काचं शुभवर्तमान एका बैठकीत वाचा. १६ अध्याय आहेत, मोठ्याने वाचलं तर दीड-दोन तास लागतात. टीपा काढू नका. फक्त एक पाहा: कोण काय घेऊन येतो आणि काय घेऊन जातो. नंतरच्या आठवड्यांत रोज एकच उतारा, आणि तोच उतारा सात दिवस: २ राजे ५, लूक १५, लूक १८:९–१४, मत्तय २०:१–१६, योहान १३:१–१७. लूक १५मध्ये धाकट्यावर थांबू नका, थोरल्यापाशी बसा. "इतकी वर्षं मी तुमची चाकरी करतोय, आणि मला करडूसुद्धा दिलं नाही," हे तो बापाला ऐकवतो. घरात राहूनही तो मजूरच राहिला. तो आत गेला की नाही हे येशूने सांगितलेलंच नाही.

वाचनाबरोबर वही. दोन रकाने करा. डावीकडे: आज देवाला काय परत करायचा प्रयत्न केला. उजवीकडे: आज काय मिळालं, जे मी मिळवलं नव्हतं. डावा रकाना पहिले चार-पाच दिवस भरभरून वाहील. प्रार्थना केली, रागावलो नाही, दानपेटीत टाकलं. उजवा बहुतेक रिकामा राहतो. तो खरंच रिकामा असतो असं नाही, आपल्याला तो वाचायची सवय नसते, इतकंच. दोन आठवड्यांनी डावा रकाना लिहिणं बंद करा. हे अनेकांना फार जड जातं. वहीचं ते पान रिकामं दिसलं की चोरी केल्यासारखं वाटतं. नेमकी तीच जागा आहे जिथे कृपा टोचते, म्हणून तिथून उठू नका.

प्रार्थना छोटी ठेवा, पाच मिनिटांपेक्षा जास्त नको. लूक १८मधल्या जकातदाराची पुरेशी आहे: "देवा, मज पाप्यावर दया कर." विश्वास नसेल तर मार्क ९मधल्या त्या बापाची आहे: "माझा अविश्वास घालवून टाका." एक नियम कडक पाळा: या प्रार्थनेत 'यापुढे मी' असं सुरू होणारं एकही वाक्य नको. वचन दिलं की सौदा सुरू होतो. आणि तुम्हाला देव आहे की नाही याची खात्री नसेल, तर 'तुम्ही असाल तर' असं म्हणून सुरुवात करा. खोटं बोलण्यापेक्षा ते बरं.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पापकबुली. मोघम नको. 'मी पापी आहे' असं म्हणणं सोपं असतं, कारण त्यात कुणालाच काही कळत नाही. एक गोष्ट घ्या, तिचं नाव घ्या, कारणं देऊ नका. कॅथलिक असाल तर पापनिवेदनाला जा; धर्मगुरूवर गुप्ततेचं बंधन असतं. प्रॉटेस्टंट असाल तर पाळकाकडे किंवा अशा एका प्रौढ विश्वासणाऱ्याकडे, ज्याच्या पोटात गोष्ट राहते. आधीच सांगून ठेवा, की ऐकून झाल्यावर सल्ला नको, क्षमेचं वचन वाचून दाखवा. ते वाचलं जात असताना बोलू नका. 'हो, पण' हे दोन शब्द तोंडात येतील, ते गिळा. घरी आल्यावर स्वतःला जादा शिक्षा लावू नका. धर्मगुरूने सांगितलेलं प्रायश्चित्त ही क्षमेची किंमत नसते. कॅथलिक शिकवणीतही नसते: कॅथलिक चर्चच्या त्रेंत इथल्या धर्मसभेने १५४७ सालीच स्पष्ट केलं होतं, की नीतिमान ठरवलं जाण्याआधीचं काहीही, विश्वासही आणि कर्मंही, त्या कृपेला पात्र करत नाही. कॅथलिक आणि लूथरन यांनी ३१ ऑक्टोबर १९९९ला आउग्सबुर्गमध्ये जो संयुक्त जाहीरनामा केला, त्याचा गाभा हाच होता. त्यामुळे 'आमच्यात कर्मांनी, त्यांच्यात कृपेनं' ही वाटणी आता सोडून द्यायला हवी.

सगळ्या आठवड्यांत माणसांकडून घ्यायचा सरावही करा. आठवड्यातून एकदा कुणाची तरी मदत मागा, आणि सात दिवस तिची परतफेड करू नका. शेजारणीचा डबा एकदा रिकामा परत करा. 'धन्यवाद' म्हणा आणि थांबा. हे क्षुल्लक वाटेल, पण हात ज्या वळणाचे झालेत ते माणसांशीच वागून वळलेत, आणि तिथेच ते उलगडतात.

आता काय बिघडतं ते. सगळ्यांत जास्त बिघाड भावना तपासण्याने होतो. क्षमेचं वचन ऐकलं, डोळ्यांत पाणी आलं नाही, म्हणून 'मला लागू झालं नाही' असा निष्कर्ष. नामानाला सहाव्या बुडीनंतर काय वाटलं हे शास्त्रात लिहिलेलं नाही, आणि तो सातव्यांदा बुडाला. दुसरा बिघाड: ख्रिस्ताला स्वीकारण्याच्या निर्णयाची प्रार्थना प्रत्येक संजीवन सभेत नव्याने करणं. पहिल्यांदा ती विश्वास असते, दहाव्यांदा ती देवाच्या शब्दावरचा अविश्वास असतो, जणू आधीची पोचली नाही. तिसरा बिघाड सज्जन लोकांचा: कृपा स्वीकारल्याबरोबर सेवेचा पसारा दुप्पट करणं. रविवारची शाळा, तरुण संघ, गायनवृंद, सगळं एका महिन्यात. ही कृतज्ञता दिसते, पण बहुधा हप्ते फेडणं असतं. नवी सेवा घ्यायची झाली तर सहा महिने थांबा.

चौथा बिघाड वेगळ्या जातीचा आहे आणि त्याला उपदेश लागू पडत नाही. काही माणसांना एकच पाप पुन्हा पुन्हा कबूल करावंसं वाटतं, दिवसातून अनेकदा. प्रार्थनेतला शब्द चुकला म्हणून पहिल्यापासून सुरुवात. नकोसे निंदात्मक विचार येतात आणि ते 'पवित्र आत्म्याविरुद्धचं पाप', म्हणजे ज्याला क्षमा नाही असं येशूने म्हटलं ते पाप, तर नाही ना अशी धास्ती. तरुण मार्टिन लूथर तासन् तास पापकबुली देत असे, आणि योहान फॉन स्टाउपिट्झ हे त्याचे वरिष्ठ त्याला स्वतःकडून काढून ख्रिस्ताच्या जखमांकडे पाहायला लावत. आज हे लक्षण मंत्रचळाच्या आजाराचं, म्हणजे ओसीडीचं, एक रूप म्हणून ओळखलं जातं आणि त्यावर उपचार आहेत: औषधं, आणि अशी वर्तनोपचार-पद्धत जिच्यात भीती येऊ देतात पण तिला शांत करणारी क्रिया करू देत नाहीत. अशा व्यक्तीने मनोविकारतज्ज्ञाकडे जावं, पापकबुली एकाच माणसाकडे आणि ठरलेल्या अंतरानेच द्यावी, आणि वर सांगितलेली वही तिने मुळीच लिहू नये. पाळकाने तिला प्रत्येक वेळी नव्याने आश्वासन देणं ही दया वाटते, पण त्याने आजार वाढतो.

'मग पाप करत राहायला काय हरकत?' हा प्रश्न पौलालाच विचारला गेला होता, रोमकरांस सहाव्या अध्यायात उत्तर आहे, तिथे वाचा. मी त्यात एक व्यवहाराची गोष्ट घालतो. देवाकडचं कर्ज माफ झालं म्हणून माणसांचं बुडवायचं नाही. जक्कय या जकातदाराने फसवून घेतलेलं चौपट परत केलं. पण क्रम पाहा: येशू आधी त्याच्या घरी उतरायला निघाला, चौपटीची घोषणा नंतर झाली. भावाच्या वाट्याची जमीन दाबली असेल तर ती परत करा, पण क्षमा विकत घेण्यासाठी नको. त्या जमिनीवर आता तुमचा जीव अवलंबून नाही म्हणून करा. जी माणसं क्रम उलटा करतात त्यांची जमीनही सुटत नाही.

सहा आठवड्यांनी काहीच हललं नाही तर? मंडळी सोडू नका, आणि खोटी साक्षही देऊ नका. येशू पुन्हा उठला हे थोमाने इतर शिष्यांचं ऐकलं नाही, जखमेत हात घातल्याशिवाय मानणार नाही म्हणाला, पण पुढचे आठ दिवस तो त्यांच्यातच राहिला आणि त्यांनी त्याला राहू दिलं. येशू दुसऱ्यांदा आला तो त्याच खोलीत. मेथडिस्ट चळवळीचा संस्थापक जॉन वेस्ली बारा वर्षांहून जास्त काळ दीक्षित धर्मसेवक होता, अमेरिकेतल्या जॉर्जियात मिशनकार्य करून आला होता, तरी २४ मे १७३८च्या संध्याकाळपर्यंत त्याच्या हाती हे आलं नव्हतं. त्याला विश्वास नसल्याचं कळलं तेव्हा पीटर बोलर या मोरावियन पंथाच्या मित्राने उपदेश थांबवू नकोस असं सांगितलं.

तुमच्या पत्राखाली तुम्ही आणखी एक विचारलं आहे: अशा अवस्थेत प्रभुभोजन घ्यावं का, की 'अयोग्य रीतीने' घेतल्याचा दोष लागेल? करिंथकरांस पहिल्या पत्राच्या ११व्या अध्यायातला तो ग्रीक शब्द क्रियाविशेषण आहे. तो घेणाऱ्याच्या लायकीबद्दल बोलत नाही, घेण्याच्या पद्धतीबद्दल बोलतो, आणि तिथली पद्धत म्हणजे श्रीमंतांनी आधी जेवून घेणं आणि गरिबांनी उपाशी बसणं. लायक असलेल्यांसाठी ते मेज मांडलेलंच नाही. तुम्ही बाप्तिस्मा आणि दृढीकरण झालेले सभासद आहात, तुम्हाला ते घ्यायची इच्छा आहे, आणि 'माझा अविश्वास घालवून टाका' एवढं म्हणता येतंय, तर या. भाकर बोटांनी उचलू नका. चौथ्या शतकात यरुशलेमेचा बिशप सिरिल नव्या ख्रिस्ती लोकांना शिकवत असे, की डाव्या हाताचं उजव्या हाताला सिंहासन करा आणि तळवा खोलगट धरा. आपण तीर्थ घ्यायला किंवा नळाखाली पाणी प्यायला हात धरतो, जवळजवळ तसाच. हात तसा धरला की त्यात आधीपासून काही धरून ठेवता येत नाही. पाळक ठेवील ते खा आणि जागेवर येऊन बसा. त्या दिवशी दानपेटीत नेहमीपेक्षा जास्त टाकू नका.